भावाच्या पुढं चार पावलं

मला आजही कुणाच्या बरोबरीनं चालता येत नाही. चार पावलं पुढं जाते, थांबते, मागं वळून बघते, मग पुन्हा चालते. लग्नानंतर सांगलीत नवऱ्याबरोबर पहिल्यांदा बाजाराला निघाले तेव्हा तो म्हणाला, अहो बाई, मी काय चुकार वासरू आहे का सारखं वळून बघायला? मला राग आला. राग तसा माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो, पण त्याला काय सांगणार? ही खोड मला भाऊ चालायला लागला तेव्हापासूनची, आणि ती लावली माझ्या सख्ख्या आईनं.

कुंडलच्या पलीकडं, नदीच्या अंगाला आमचं गाव. आईचे माझ्याआधीचे दोन्ही मुलगे पाळण्यातच गेले होते. मग मी झाले आणि जगले. जगले याचं कुणाला कौतुक नव्हतं. पोरीची जात चिवटच, असं म्हणून सगळे गप्प बसले. दीड वर्षानं भाऊ झाला, तेव्हा आईनं गावातल्या देवीला नवस बोलला की पोरगं बारा वर्षांचं होईपर्यंत तुझं, त्याच्या पायात तुझी बेडी. बेडी म्हणजे डाव्या घोट्यातलं लोखंडी कडं. पाय वाढेल तसं लोहाराकडून ते सैल करून घ्यायचं आणि बारा वर्षं भरली की चैत्राच्या जत्रेत देवीपुढं काढायचं.

तोवर त्यानं नदीत उतरायचं नाही, झाडावर चढायचं नाही, बैलाजवळ जायचं नाही आणि गावाच्या वेशीबाहेर तर पाऊलच टाकायचं नाही. आणि तो जिथं जाईल तिथं पहिलं पाऊल माझं. उंबरा असो, पायरी असो, गवतातली पायवाट असो. साप असला तर आधी मला चावावा, दगड निसटला तर मी पडावं, असं कुणी तोंडानं बोललं नाही. आई फक्त म्हणायची, "तू हो पुढं." वाटीतल्या दुधाचा पहिला घोटसुद्धा माझा असायचा. त्या सगळ्या भानगडीत माझा फायदा काय तो तेवढाच.

एका दाव्याला दोन शेरडं बांधावीत तशी आमची गत होती. तो हलला की मला उठावं लागायचं, आणि मी पुढं झाल्याशिवाय त्याला हलता यायचं नाही. चिंचेखाली पोरी खेळायला बोलवायच्या, मी जाणार कशी? त्याचा तर माझ्याहून जास्त कोंडमारा व्हायचा. वेशीच्या भिंतीला टेकून उभा राहायचा आणि नदीवरून ओल्या केसांनी येणाऱ्या पोरांना विचारायचा, पाणी किती हाय रं, गार हाय का? घरी आला की घोंगडीवर पालथा पडून हातपाय मारायचा. असा तो जमिनीवर पोहायला शिकला. मध्येच मान वर करून विचारायचा, आक्के, बुडलो का गं? मी म्हणायचे, न्हाई, लागलास काठाला. माझा लय जीव होता त्याच्यावर. आणि कधीकधी तो नसता तर किती बरं झालं असतं असंही वाटायचं. दोन्ही खरं आहे.

वडील पलटणीत होते. लढाई पेटलेली, ते कुठल्या मुलखात आहेत हेही आम्हाला कळायचं नाही. त्यांचं पत्र आलं की पोराला शाळेत घाला. शाळा वेशीच्या आत, मारुतीच्या देवळाच्या ओवरीत. पण आई त्याला एकट्याला कशी पाठवणार? म्हणून मला पाठवलं. गावात दुसरी एकही पोरगी शाळेत नव्हती. मी दाराशी पोत्यावर बसायचे, पाटी नाही, पेन्सिल नाही, नुसती राखण करायला. तो पाटीवर मासे काढायचा. एक दिवस मास्तरांनी त्याला निमकी, म्हणजे अर्ध्याचे पाढे, म्हणायला उभं केलं, त्याला येईना, आणि माझ्याच्यानं राहवेना. मी दाराशी बसून शेवटपर्यंत म्हणून टाकली. मास्तर हसले, म्हणाले, राखणदारच हुशार निघाला की! दुसऱ्या दिवशी त्यांनी माझं नाव पटावर घातलं.

पुढं मास्तरांनी मला सांगितलं की सातवीची फायनल झालीस तर तू मास्तरीण होशील. मास्तरीण! हा शब्द मी घरी भांडी घासताना मनातल्या मनात किती वेळा म्हणाले असेन. स्वतःच्या पायानं, मागं न बघता, कुठंतरी जाणारी बाई मी तोवर बघितलीच नव्हती.

आम्ही सहावी झालो आणि भावाची बारा वर्षं भरली. जत्रा आठ दिवसांवर आली, बोकड आणून दारात बांधला. मामा एक स्थळ घेऊन आला. आई त्याला म्हणाली, बेडी निघू दे, मग पोरीचं बघू. मी आईला हात जोडून विचारलं की मला सातवीला जाऊ देशील ना? आई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं अगदी साधेपणानं सांगितलं, "आता तू कशाला जायाचं? त्याला वाट दावायला हुतीस. आता त्यो जाईल एकटा."

दोन दिवस मी विचार केला. तिसऱ्या दिवशी सकाळी आई भाकरी थापत होती तेव्हा मी तिला म्हटलं की मला स्वप्न पडलं. हिरव्या पातळात देवी आली होती. म्हणाली, अजून एक वरीस पोरगं माझं राहू दे, बेडी काढायची घाई करू नगा.

तव्यावरची भाकरी करपली. आईनं माझ्याकडून ते तीनदा वदवून घेतलं. जन्मात पहिल्यांदा ती माझं बोलणं इतकं कान देऊन ऐकत होती. मग तिनं स्वतःच्या गालावर मारून घेतलं आणि माझ्या पाया पडली. माझ्या! मला वाटलं होतं निदान दरडावून विचारील, खोटं बोलतीस का म्हणून. एवढी मोठी थाप इतकी सहज पचेल असं मला वाटलंच नव्हतं.

भाऊ पायरीवर बसला होता. जत्रा झाली की पोहायला जायचं म्हणून त्यानं जुन्या धोतराचा पंचा फाडून ठेवला होता. पोरांना सांगून झालं होतं. तो रडला नाही. पंच्याची घडी मांडीवर घेऊन घोट्यातलं कडं फिरवत बसला, आणि थोड्या वेळानं मला म्हणाला, "आक्के, नीट ऐकलंस का? काढू नगा म्हणाली?"

"व्हय," मी म्हणाले.

त्या एका शब्दाची मला आजही लाज वाटते.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी पोरं डोहावर पोहायला गेली. त्यातला एक, आमच्या शेजारचा, भावाचा जिवाभावाचा मित्र, वर आलाच नाही. गाव नदीकडं धावलं, आणि संध्याकाळी तेच गाव आमच्या दारात आलं. देवीनं राखलं, देवीनं राखलं! जिचं पोर गेलं त्या माउलीनंसुद्धा माझ्याकडं बघून हात जोडले. मी उठून परसात पळाले. आईनं माझ्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. त्या दिवसापासून मी देवीची पोर झाले. बायका नारळ घेऊन यायच्या, लेकीला दिवस कधी राहतील, हरवलेली गाय कुठं असेल, असं काहीबाही विचारायच्या. मी पुस्तक तोंडासमोर धरून बसायचे.

मलाही कधीकधी वाटलं, खरंच देवीनंच माझ्या तोंडून वदवलं असेल का? पण नाही. ते स्वप्न मी आदल्या दिवशी भांडी घासताना रचलं होतं, पातळाच्या रंगासकट. हिरवं की लाल यावर माझा बराच वेळ गेला होता.

ते वर्ष मला मिळालं. भावाला कसं गेलं ते मी डोळ्यांनी बघितलं. देवी कोपली असेल या भीतीनं आईनं लोहाराला कड्याला हातच लावू दिला नाही. ऐन वाढीचा पाय, कडं रुतायला लागलं. तो खाली चिंधी भरायचा, तेल लावायचा, आणि तरी लंगडत माझ्या मागं चार पावलांवर शाळेला यायचा. मी वळून बघितलं की हसायचा. मी एका शब्दानं त्याला सोडवू शकत होते, आणि रोज सकाळी ठरवायचे, आज सांगायचं. मग शाळेची घंटा व्हायची.

फायनलची परीक्षा साताऱ्याला होती. पायात बेडी असलेल्या पोराला वेश ओलांडता येत नव्हती, त्यामुळं त्याला बसता आलं नाही. वडिलांचं पत्र आलं की दोघांतलं एक तरी फायनल होऊ दे, म्हणून मला जायला मिळालं. मास्तर आणि त्यांच्या बायकोबरोबर मी साताऱ्याला गेले. परीक्षेच्या खोलीचा उंबरा ओलांडला आणि आत उभी राहून मागं बघत राहिले, तो यावा म्हणून. शिपाई ओरडला, बाई, आत सरका, तुमच्या मागं कोण नाही.

मी पास झाले. त्याच चैत्रात लोहारानं छिन्नीनं भावाचं कडं तोडलं. खाली जखम आणि काळं वळं. आई म्हणाली, जा बाबा आता, कुठं जायचं तिथं जा. तो वेशीपर्यंत गेला. मी मागं उभी होते. जन्मात पहिल्यांदा मी त्याच्या मागं होते. वेशीच्या उंबऱ्यापाशी तो थांबला आणि माझ्याकडं वळला.

"आक्के, तू हो पुढं," तो म्हणाला.

मी पुढं झाले. नदीपर्यंत गेलो. मी पाण्यात गुडघाभर उतरले, आणि तो काठावर कोरड्या पायांनी उभा राहिला. पुढंही तो कधी पाण्यात उतरला नाही. देवीनं एकदा अडवलंय म्हणजे त्यात काहीतरी असणार, असं म्हणायचा. तो शाळेतही परत गेला नाही, गावाबाहेरही पडला नाही. मी मास्तरीण झाले, सांगलीत नोकरी केली, विश्रामबागेत बिऱ्हाड केलं. दर जत्रेला गावी गेले की तो माझ्या पाया पडायचा, आणि वाकला की घोट्यातलं ते काळं वळं दिसायचं. आयुष्यभर मी ते वळं बघून घेतलं आणि तोंड मिटून ठेवलं.

पुढं त्याचं लग्न झालं. त्याला एक मुलगी झाली. मग दोन मुलगे होऊन गेले, आणि नंतर एक राहिला. त्या पोराच्या पायात कडं घालणारा माझा भाऊच. आणि पोराच्या पुढं चार पावलं चालणारी त्याची थोरली बहीण. मी चिडले, भांडले. भाऊ हसून म्हणाला, आक्के, तू असं म्हणावंस?

त्या पोराची बारा वर्षं भरली त्या जत्रेला मी गेले. भाची मला गोठ्यामागं घेऊन गेली. म्हणाली, आत्या, बेडी निघाली की मला शाळेतनं काढणार हायत. देवीला सांग की, अजून एक वरीस.

मग ठरवलं, आता बास. भाऊ रानातून येऊन पाय धूत होता, तिथं गेले आणि म्हणाले, मला तुला त्या स्वप्नाचं सांगायचंय. त्यानं ओले हात जोडले.

"त्या सपनावर तर मी जगलोय, आक्के. न्हाईतर डोहात त्या माझ्या दोस्ताबरोबर मीबी हुतो की. आता तुला काय दिसल्याबिगर मी पोराच्या बेडीला हात लावणार न्हाई."

काय सांगणार त्याला? खरं सांगितलं असतं तर त्याच्या हातात काय राहिलं असतं? न पोहलेली नदी आणि न दिलेली परीक्षा. मी घसा खाकरला आणि सांगितलं की देवी आली होती. बेडी उद्याच काढायची, आणि पोरीला माझ्याबरोबर सांगलीला शिकायला पाठवायचं. त्यानं एक प्रश्न विचारला नाही. आईनंही विचारला नव्हता.

परत येताना मोटारीत भाची मला चिकटून बसली होती. मग हळूच म्हणाली, आत्या, खरंच पडलं व्हय गं सपान? मी म्हणाले, व्हय.

"बरं झालं," ती म्हणाली. "न्हाईतर आज सकाळी मला पडणार हुतं."

मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मलाच रडू आवरेना. सांगलीला उतरलो, विश्रामबागेकडं चालत निघालो. ती चार पावलं पुढं गेली, थांबली आणि तिनं वळून बघितलं. मागं मीच होते.