विहिरीवरची साक्ष

खरं सांगते, मी तिच्यावर जळत होते. वेशीबाहेरच्या वस्तीतली ती नवी सून, माझ्याच वयाची. कोळवण खोऱ्यातल्या आमच्या गावात तेव्हा त्या वस्तीनं विहिरीला शिवायचं नाही, अशी रीत. त्यांच्या बाया खाली घागरी मांडून ‘पानी वाढा वो माय’ म्हणायच्या. वरून ओतायचं काम सासूबाईंनी माझ्यावर टाकलेलं. घरात मला कुत्रं विचारत नव्हतं, पण तिथं दहा बाया माझी वाट बघायच्या. तेवढाच काय तो माझा रुबाब!

आणि ही बया एकदा भर दुपारी, विहिरीवर मी एकटी असताना, दोर घेऊन थेट वर आली.

“वैनी, सरका जरा. सरकारनं कायदा केलाय. पानी आडवलं तर तुरुंग हाय. मी सोता वाचलंय.”

सोता वाचलंय! पाण्यापेक्षा तेच मला झोंबलं. माझ्या भावांच्या पाट्या मी धुतल्या, पण अक्षर मला कोणी दाखवलं नाही.

तिनं घागर भरून घेतली, तेवढ्यात सासूबाई आल्या. “इटाळ केलास की गं समदा!” म्हणत त्यांनी तिची भरलेली घागर लाथेनं उडवली.

तिनं तक्रार केली. चौथ्या दिवशी तालुक्याहून पोलिसांचा जमादार येणार म्हणून कळलं. सासूबाईंनी बजावलं, “काय बघितलं न्हाई, येवढंच म्हनायचं.” मी मान डोलावली. मनातून बरंच वाटलं. तिला कायदा, आणि सासू रोज माझ्या झिंज्या उपटते त्याला कुठलं कलम?

चावडीवर जमादारानं तिची जबानी वाचून दाखवली. तिचा शब्दन् शब्द कागदावर! मग तिनं टाक घेऊन ठसठशीत सही केली. माझं बोलणं आजवर कोणी पुरतं ऐकलंसुद्धा नव्हतं.

“बाई, तुम्ही काय बघितलं?”

“समदं बघितलंय. लिवा.”

“सटवे, घरला ये तू!” सासूबाई मागून ओरडल्या. मी घागर कुठं घरंगळली तेही सांगितलं. चांगुलपणा नव्हता तो. तिचा कागद भरला, तर माझाही भरावा, एवढंच.

जमादारानं सासूबाईंना दम दिला, “उद्यापासून ही पाणी काढणार. कोण अडवतंय बघतो.” आणि शाई माझ्यापुढं सरकवली, “अंगठा.”

ती डोळे पुसत म्हणाली, “वैनी, लई उपकार झालं.”

“उपकार घाल चुलीत,” मी म्हटलं, “सही कशी करत्यात ते दाव आदी.”