अण्णांसमोर पोरीला घेतलं

मंडळी, पुण्यात मी पोरीचे डायपर बदलतो, तिला छातीशी बांधून भाजी आणायला जातो. तिथं मला कुणाचीच लाज वाटत नाही.

आज सिरसाळ्याला घरी आलो. दुपारी ओसरीवर माझे वडील अण्णा आणि चुलते चहा पीत बसलेले. शेजारी चटईवर पोरगी रडायला लागली आणि माझे हातच उठेनात! आमच्याकडं थोरामोठ्यांसमोर बापानं स्वतःचं लेकरू घ्यायची पद्धत नाही. मी आपला बायकोला हाका मारतोय, ती आत भाकरी थापतेय.

अण्णांनी कप खाली ठेवला, पोरीला उचललं आणि माझ्या मांडीवर दिलं.

"पुण्यात घेतूस नव्हं? मग हितं कावून लाजतूस?"

चुलते हसले. अण्णा हसले नाहीत.

"तुझा आजा वारल्यावर तुला पहिल्यांदा कडेवर घेतलं मी," ते म्हणाले. "तवर तू लई मोठा झालतास. लगेच उतरून खेळाया पळालास."

पोरगी आत्ता माझ्या मांडीवर झोपलीय, एका हातानं हे लिहितोय. अण्णा समोरच बसून तिच्याकडं बघतायत.

तुमच्यापैकी कुणाला वडिलांनी कडेवर घेतलेलं आठवतंय?