वीजकेंद्राशेजारची घरं

शहर वसवायच्या व्हिडिओ गेममध्ये काही दम उरलेला नाही, अशी तक्रार करणाऱ्यांचा इंटरनेटवर मोठा गोतावळा आहे. रस्ते ओढा, घरं बांधा, कर लावा, पैसा येतच राहतो. डोकं चालवावं लागत नाही आणि हरायची सोयच नाही, असं त्यांचं म्हणणं. मी हे सगळं वाचते आणि मधूनमधून भांडतेही. चाळिशीकडे झुकलेल्या बाईला हे शोभत नाही, असं माझ्या ऑफिसातल्यांना वाटतं. वाटू दे. या विषयावर बोलायचा माझा हक्क जुना आहे, कारण मी हा खेळ नागपूरजवळच्या कोराडीच्या कॉलनीत शिकले.

बाबा तिथल्या वीजकेंद्रात बॉयलरवर होते. आमच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरातून केंद्राची धुराडी दिसायची. दोरीवरचे कपडे झटकून आत घ्यायचे, कोळशाचे ट्रक यायला लागले की खिडकी लोटायची, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. पण त्या राखेच्या बदल्यात एक गोष्ट मिळत होती. बाबा दुपारी जेवायला घरी यायचे. वळणावर स्कूटरचा आवाज आला की आई तवा ठेवायची, आणि ते हातपाय धुऊन बसेपर्यंत पहिली पोळी ताटात पडायची. ज्यांचे नवरे डबा घेऊन जातात त्या बायकांची आईला मनापासून कीव यायची.

मी कॉलेजात गेले तेव्हा घरात कॉम्प्युटर आला. नागपुरातल्या बर्डीच्या बाजारात फुटपाथवरून मी शहर वसवायच्या खेळाची सीडी आणली आणि महिन्याभरात त्यात तरबेज झाले. इतकी, की मग कंटाळा यायला लागला. सगळी मेख वीजकेंद्रात होती. ते घरांजवळ ठेवलं की धुरानं माणसं शहर सोडून जायची आणि घरं काळी पडायची. पण नकाशाच्या अगदी कोपऱ्यात ठेवलं की अर्धा धूर नकाशाबाहेर, म्हणजे कुठंच नाही. एवढं कळलं की शहर आपोआप वाढायचं. आज लोक ज्यावरून कुरकुरतात ती कुरकुर मी तेव्हाच करून मोकळी झाले होते.

आई एकदा मॉनिटरवरची राख पुसायला आली आणि फडकं हातात धरून तशीच उभी राहिली.

"काय करून राहिली वं?"

"शहर बांधून राहिली."

"अन् हे कोपऱ्यात काय हाय?"

"वीजकेंद्र. तिथं ठेवलं की धूर नकाशाच्या बाहेर जाते. तिकडं कोनी राहत नाही."

"काहून राहत नाही? आपन नाही का राहत?"

मी हसले. ती हसली नाही. तिनं मला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसली. माऊस पोळपाटावर लाटणं धरावं तसा दोन्ही हातांनी धरला. मग तिनं जे केलं ते बघून मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. वीजकेंद्र तिनं नकाशाच्या मधोमध ठेवलं आणि त्याला चिकटून घरांच्या दोन ओळी टाकल्या.

"आई, मरतील सगळे!"

"कायले मरतील? जेवाले घरी नको याले मानसं?"

ही तिची अट होती, आणि ती अट तिनं कधीच सोडली नाही. वीजकेंद्रात काम करणारा माणूस दुपारी जेवायला घरी आला पाहिजे. खेळाला असलं काही ठाऊक नव्हतं. त्यातल्या माणसांना भूकच नव्हती. पण आईला कोण सांगणार? घरं काळी पडली, माणसं गेली, खजिना आटला, शहर बुडालं. दुसऱ्या दिवशी बाबा जेवून गेले, भांडी झाली, की आई पुन्हा पहिल्यापासून. मी मागे उभी राहून सल्ले द्यायचे आणि ती माश्या वाराव्यात तसे ते वारायची.

हळूहळू मात्र तिचं शहर शहाणं व्हायला लागलं. तिनं घरं आणि धुराडी यांच्यामध्ये झाडांची रांग लावली, मग दुसरी, मग तिसरी. दवाखाना बाजारातून उचलून कॉलनीत आणला. कारखाने सगळे दूर ढकलले, कारण एकाचाच धूर सोसवतो, सगळ्यांचा नाही. कॉलनीवरचा कर इतका उतरवला की बाकीचं शहर तिच्या नावानं बोटं मोडत असणार. बाजारातली गर्दी वाटेत आडवी येऊ नये म्हणून केंद्रापासून घरांपर्यंत वेगळा रस्ता काढला. मी कोपऱ्याची युक्ती वापरून खेळ सोपा करून टाकला होता, आणि तिनं एका पोळीपायी तो इतका अवघड केला होता की मला तो जमलाच नसता. हे मला तेव्हाही कळत होतं आणि तिचा हेवा वाटत होता.

एका दुपारी ती कॉलनी टिकली. घरं भरलेली राहिली, एकही काळं पडलं नाही. तेवढ्यात स्कूटर वाजली. आईनं त्या दिवशी तवा ठेवण्याआधी बाबांचा हात धरून त्यांना पडद्यापुढं आणलं. बाबांनी वाकून नीट पाहिलं.

"बॉयलरच्या एवढ्या जवळ कोनी घरं बांधते का वं?"

"बांधते ना. मंग तुमी गरम पोळी कुठून खाऊन राहिले?"

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या दुपारचं ते हसणं मला आजही हवं तेव्हा ऐकू येतं, आणि मी ते बऱ्याचदा ऐकते.

बाबा रिटायर झाले, क्वार्टर सोडावं लागलं. आम्ही नागपुरात मनीषनगरला फ्लॅट घेतला. कॉम्प्युटर कोराडीतच शेजाऱ्यांना देऊन टाकला, त्यात आईचं शहरही गेलं. इथं खिडकीत राख येत नाही. तरी आई बोट फिरवून बघते.

बाबांना जाऊन आता वर्ष होऊन गेलं. तेव्हापासून आईचं जेवण म्हणजे सकाळची भाजी, सकाळचीच पोळी, टीव्हीसमोर, कधीही. गॅस पेटवायचा तो माझा डबा करायला. मी ओरडते, ती हो म्हणते. ती वाळत चालली होती, आणि मला फार भीती वाटत होती. म्हणून मी लॅपटॉपवर नवीन खेळ घातला. याच खेळाबद्दल लोक म्हणतात की आव्हान नाही, डावपेच नाहीत. एका रविवारी तो आईपुढं ठेवला. म्हटलं, तू बांध, मी बघते.

तिनं चष्मा लावला. नदी बघून "मस्त हाय वं" म्हणाली. रस्ता ओढला, घरं टाकली. मग वीजकेंद्र उचललं आणि पार कोपऱ्यात, नकाशाच्या कडेला नेऊन ठेवलं. इतक्या वर्षांनी माझी युक्ती, बिनचूक.

"आई, कोपऱ्यात काहून?"

"धूर कायले पाहिजे लोकाइले?"

"अन् जेवायला?"

"आता कोन येते जेवाले?" ती म्हणाली, आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवून टीव्हीचा आवाज वाढवला.

भांडी घासायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात जाऊन मी रडून घेतलं.

सोमवारी मी डबा मुद्दाम ओट्यावर विसरले. दुपारी ऑफिसातून स्कूटी काढली आणि उन्हात घरी आले. खाली गेटपाशी, कधी नव्हे तो, लांबलचक हॉर्न वाजवला. आईनं दार उघडलं तेव्हा तिच्या कपाळावर आठ्या होत्या.

"डबा घ्याले आली का? एवढ्या उन्हात?"

"जेवायला आले. गरम पोळी कर."

"डब्यात हाय ना पोळी."

"ती नको मले."

तिनं ओट्यावरचा डबा बाजूला सारला. "पहिले हातपाय धू," म्हणाली आणि तवा ठेवला. मी बसले आणि पहिली पोळी ताटात पडली. दुसरी तिनं स्वतःसाठी लाटली.

आता मी रोज येते. ऑफिसातले म्हणतात, डबा का आणत नाहीस, येण्याजाण्यात सगळी सुट्टी जाते. जाते खरी. परवा संध्याकाळी घरी आले तर लॅपटॉप उघडा होता. कोपऱ्यातलं वीजकेंद्र उठून मधोमध आलं होतं. त्याच्या शेजारी घरांची एकच छोटी ओळ होती, आणि त्यातली दोन काळी पडलेली. आई चष्मा नाकावर ओढून पडद्यात शिरली होती.

"सरक तिकडं," ती म्हणाली. "झाडं लावाची हायत अजून."