तलवार आणि मंत्र, दोन्ही

आमची डॉक्टरीण कधी एक गोष्ट निवडायची नाही. कचोरी की समोसा विचारलं, की "दोनी आना" म्हणायची आणि दोन्ही संपवायची. मूळची बाळापूरची, जनावरांची डॉक्टर, बदलीवर अमरावतीत आलेली. माझा धाकटा भाऊ विशाल तिला रविवारच्या खेळाला आमच्या राजापेठच्या घरी घेऊन आला. तोवर त्या खेळात मी एकटीच बाई होते.

विशाल गोष्ट सांगायचा, आम्ही त्यातली पात्रं व्हायचो. जमलं की फसलं ते फासे ठरवायचे. मी जादूगारीण, नुसते मंत्र. डॉक्टरणीनं पहिल्याच दिवशी तलवारही चालवणारी आणि मंत्रही टाकणारी बाई निवडली. मी समजावलं, "हा प्रकार कच्चा आहे. योद्ध्याइतका घाव बसत नाही, माझ्याइतके मंत्र येत नाहीत, वर चिलखत पातळ. पहिल्याच मारामारीत मरशील."

"ताई, पह्यला नंबर कोनाले पायजे? मले दोनी करून पाहाचं हाये."

विशाल हसला. मला ते आवडलं नाही.

एका रविवारी खेळात लांडग्यांनी मला पुलावर गाठलं. मोठा मंत्र म्हणायला वेळ लागतो आणि मध्ये चावा बसला की तो तुटतो. आमचा योद्धा पलीकडच्या काठावर अडकलेला. डॉक्टरणीनं मंत्राच्या जोरावर झेप घेतली, ती थेट माझ्यापुढे, आणि तलवार उपसली. "म्हना ताई तुमी सावकाश. मी हावो इथं."

तिला चावे बसत राहिले, ती हटली नाही. लांडगे माझ्या मंत्रानं मेले. विशाल मात्र खुर्चीतून उठून तिला टाळी द्यायला गेला. इतक्या वर्षांत माझ्यासाठी तो कधी उठला नव्हता. योद्धा तिथवर पोचला नसता आणि दुसरी जादूगारीण टिकली नसती, हे मला कळत होतं. म्हणूनच जास्त जळत होतं.

तिची अकोल्याला बदली झाली तेव्हा मला मनातून सुटल्यासारखं वाटलं. पुढचे रविवार मात्र अळणी गेले. मंत्र म्हणताना मी उगाच बाजूला पाहायचे.

मग एका लग्नासाठी अकोल्याला गेले, तशी तिच्या खोलीवरही गेले. तिथं खेळाचं टेबल मांडलेलं, भोवती नवी पोरंपोरी, सगळी तिच्याकडे बघून खिदळत होती. "या ताई, बसा ना," ती म्हणाली.

तिच्या शेजारी चष्मा लावलेली एक मुलगी बसली होती. मी तिला म्हटलं, "तू जरा तिकडं सरक." आणि तिच्या जागेवर बसले.