लॅब गार, बाळं उबेत

शिरूरच्या अल्लाबक्ष शेखांची थोरली लेक तहमीना आयटीआय करून मोठ्या इमारतींच्या एसीच्या कामात शिरली. गच्चीवर एक मोठं मशीन, आणि तिथून तांब्याच्या पाइपांनी खोल्याखोल्यांतली युनिटं जोडायची. या धंद्यात त्याला व्हीआरएफ म्हणतात.

मागच्या वर्षी दौंडला बाळंतपणाच्या नव्या दवाखान्याचं काम निघालं. नकाशा बघून तिनं ठेकेदार सत्यजीतला अडवलं.

"भाऊ, हे दोन पाइपांचं हाय. सगळ्या खोल्या एकतर गार, न्हाईतर सगळ्या गरम."

"मग? सगळीकडं तेच बसवतो की आपण."

"लॅबमधली मशिनं थंडीत बी तापणार, तिथं गार पायजे. आन् शेजारी नुकती जन्मलेली बाळं. त्यांना ऊब कुठनं द्यायची?"

"डॉक्टरांनी मागितलंय का? तू पाइप जोड."

ती सरळ दवाखान्याच्या डॉक्टर सुलक्षणांकडं गेली. कागदावर रेघा ओढत म्हणाली, "मॅडम, तीन पाइपांचं घ्या. लॅबमधनं काढलेली उष्णता बाहेर न टाकता बाळांच्या खोलीला देता येती. दोन्ही एकाच वेळी चालतं."

"नक्की चालेल? जबाबदारी कोणाची?"

"माझी."

नकाशा बदलला. सत्यजीत मात्र पंधरा दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलला.

जोडणी झाल्यावर गळती तपासायला पाइपांत दाबानं नायट्रोजन भरून चोवीस तास ठेवला. दुसऱ्या दुपारी दाबाचा काटा जरासा उतरलेला. उद्घाटन चार दिवसांवर आलेलं.

"हवेचा फरक असंल. सोड," सत्यजीत म्हणाला.

"काल बी ह्याच वेळंला भरला व्हता. ऊन बी तेवढंच हाय."

तिनं पाइपांखालचं नुकतं बसवलेलं छत उघडायला लावलं आणि साबणाचा फेस घेऊन शिडीवर चढली. एकेका सांध्याला फेस लावून ती निरखत गेली. संध्याकाळी बाळांच्या खोलीबाहेरच्या सांध्यावर बारीक बुडबुडे उठले. तो तिनंच जोडला होता.

"माझाच हाय," ती खाली येऊन म्हणाली. सत्यजीतनं सांधा डागायची गॅसची टाकी जवळ आणून दिली. सांधा कापून तिनं नव्यानं जोडला, पुन्हा चोवीस तास थांबली. काटा जागचा हलला नाही.

जानेवारीत ती सर्व्हिसिंगला गेली. लॅब गार होती. काचेपलीकडं दिवस भरण्याआधी जन्मलेलं एक बाळ उबेत झोपलं होतं. तहमीना मिनिटभर बघत उभी राहिली. मग फिल्टर धुवायला गच्चीकडच्या नळावर गेली.