एकामागोमाग पेटणारे दिवे

हिलालअप्पा गेल्याचे मला कारखान्यातील जुन्या सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर कळले. फोटोखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. बातमी वाचून पहिली भावना दुःखाची झाली नाही, हे आधी लिहून टाकतो. मनात आले ते एवढेच, की जाण्यापूर्वी अप्पांनी कोणाला काही सांगितले असेल का... मग मीही त्या रांगेत माझे जोडलेले हात टाकले आणि फोन पालथा ठेवला. पुढे पाच आठवडे आमलीतल्या त्यांच्या घरावरून जाणे मी टाळले.

अप्पा मूळचे शिरपूरकडचे. राखोलीजवळच्या आमच्या सूत कारखान्यात ते जनरेटर चालवीत आणि मी तेथील विद्युत विभागाचा अभियंता होतो. कारखान्याचे जनरेटर बाहेरून येणाऱ्या विजेशी जोडून एकत्र चालवावे लागत. जोडण्याचा तो क्षण फार नाजूक असतो. दोन्हींकडचा दाब सारखा हवा, वेग सारखा हवा, आणि दोन्हींच्या लाटा एकाच वेळी वर-खाली होत असायला हव्यात. हे जुळण्याआधी स्विच दाबला, तर जनरेटरचा दांडा पिळवटून तुटू शकतो, पॅनल फुटू शकते आणि समोरचा माणूस भाजून निघतो. जुळणी दाखवणारा एक काटा पॅनलवर असतो. तो सावकाश फिरत बाराच्या जागी येऊ लागला की स्विच दाबायचा. बाकीचे ऑपरेटर पहिल्या फेरीलाच दाबत. अप्पा तीन फेऱ्या नुसत्या पाहत आणि चौथीला दाबत. त्यांचा काट्यावरही पुरता विश्वास नव्हता. विजेच्या तीन तारांसाठी तीन साधे दिवे त्यांनी प्रत्येक पॅनलच्या बाजूला स्वतः जोडून घेतले होते. तिन्ही दिवे एकत्र उजळत आणि एकत्र मालवत असतील, तरच त्यांचा हात पुढे जाई. आमचे गुजराती मॅनेजर मागून विचारीत, "काका, मुहूर्त जुओ छो के?" अप्पा मान न वळवता म्हणत, "मुहूर्त मागून काढू साहेब. आधी पत्रिका जुळू द्या." सगळे हसत. मी मात्र हसत नसे. हा मनुष्य आपल्याला, आपल्या कामाला तपासून पाहतो आहे, असा संशय मला त्या तीन फेऱ्यांत दर वेळी येई.

एकदा दोन नंबरचा जनरेटर दुरुस्तीहून परत आला. त्याच्या तारा माझ्या देखरेखीखाली जोडल्या गेल्या. जोडल्यानंतर तिन्ही तारांचा क्रम एका लहानशा यंत्राने तपासायचा असतो. दहा मिनिटांचे काम. ते मी केले नाही. तपासणीच्या कागदावर त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली आणि खाली सही केली. घाई होती, असे मी बरीच वर्षे स्वतःला सांगत आलो. घाई नव्हती. कंटाळा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॅनलसमोर अप्पा, त्यांच्या मागे मॅनेजर आणि मी असे तिघे उभे होतो. काटा छान बाराला येऊन गेला. एकदा, दोनदा, पाच वेळा... अप्पांचा हात हलेना.

"दिवे बघा साहेब," ते म्हणाले, "एकामागून एक लागी राह्यले. तिन्ही संगे नई."

"काटा बरोबर आहे ना?" मी विचारले.

"काटा एकाच तारेचं सांगतो. बाकीच्या दोघी उलट्या असल्या, तर त्याला काय कळणार? क्रम कोणी तपासला?"

त्या प्रश्नात आरोप नव्हता, हे मला आज दिसते. त्या वेळी मॅनेजरही माझ्याकडे पाहू लागले होते. मी म्हणालो, "मी तपासला." आणि लगेच पुढे म्हणालो, "अप्पा, तुमच्या दिव्यांच्याच तारा उलट्या लागल्या असतील. रंगकामाच्या वेळी तुम्हीच काढून लावलेत ना?" हे अगदी पटण्यासारखे होते. दिव्यांच्या दोन तारा अदलाबदल झाल्या, तरी दिवे हुबेहूब तसेच वागतात. खोटे बोलायला माझे शिक्षण असे कामी आले.

"दबावो ने, काका," मॅनेजर स्विचकडे बोट दाखवत म्हणाले.

अप्पांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "मी नई दाबणार. साहेबांना दाबू द्या."

मीही दाबला नाही. दिव्यांची तपासणी करू, असे सांगून मी वेळ मारून नेली. अप्पांच्या सुट्टीच्या दिवशी बाहेरच्या एका वायरमनला घेऊन जनरेटरचे झाकण उघडले. दोन तारा उलट होत्या. त्या मी सरळ करून घेतल्या आणि दिव्यांना हातही लावला नाही. अप्पा कामावर आले तेव्हा तिन्ही दिवे एकत्र उजळत होते. "तुमच्या दिव्यांच्या तारा चुकल्या होत्या, मी नीट केल्या," मी म्हणालो. ते पुष्कळ वेळ दिव्यांकडे पाहत राहिले. मग एवढेच म्हणाले, "हां..."

मी अहवाल लिहिला. ऑपरेटरने परस्पर लावलेल्या दिव्यांमुळे गैरसमज झाला, असे त्यात होते. सर्व पॅनलांवरचे दिवे काढले गेले आणि अप्पांची रवानगी दमणगंगेच्या काठावरील पंपघरात झाली. मॅनेजर त्यांना काढूनच टाकणार होते. मी "राहू द्या" म्हणालो, आणि त्याचे मोठेपण मनात जपून ठेवले.

त्यानंतरची नऊ वर्षे मी त्या एका "हां"चा अर्थ लावण्यात घालवली. त्यांना सगळे कळले आहे, याबद्दल माझी खात्री होती. वायरमन त्यांच्याच गावाकडचा निघाला, तेव्हा मी त्याला पुन्हा कधी काम दिले नाही. आमलीच्या बाजारात भेटले की अप्पा विचारीत, "काय साहेब, सगळं बरोबर ना?" आणि मी त्या "बरोबर"मध्ये सूड शोधत घरी येई. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "साहेब, तुमच्यामुळं वाचलो." त्याहून बोचरा टोमणा मी आयुष्यात ऐकला नव्हता, असे मला वाटले.

शेवटी परवा संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी, सुमनवहिनी, एकट्याच होत्या. पाणी देऊन समोर बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही आले, बरं झालं. ते नाव काढायचे तुमचं."

"काय म्हणायचे?" मी विचारले.

"साहेबांनी सांभाळून घेतलं म्हणायचे. माझ्या हातून एवढी मोठी चूक झाली, दुसऱ्यानं घरी बसवलं असतं."

दाराशी खिळ्याला दोरीने एक वही टांगलेली होती. त्यांनी ती काढून माझ्या हातात दिली. प्रत्येक पानावर आखलेले चार रकाने होते. गॅस, नळ, दिवे, कडी. रोजच्या तारखेपुढे प्रत्येक रकान्यात दोन-दोन खुणा. "पंपावर गेले तेव्हापासून हे सुरू झालं," वहिनी सांगत होत्या. "दिवा बंद केला की मला हाक मारायचे. सुमन, तू बघ, माझ्या डोळ्यांचा भरोसा नई राह्यला. पोरं हसायची. एवढा लाइटवाला माणूस आणि बटन दोनदा बघतो..."

अप्पांना काहीच कळले नव्हते. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. संशय घ्यायचा तो त्यांनी स्वतःवर घेतला.

मी वहिनींना सगळे सांगितले. मध्ये थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर उरलेले बोललो नसतो.

"म्हणजे दिवे बरोबर होते," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि तुम्हाला तेव्हाच माहीत होतं."

मी मान डोलावली. त्यांनी ओरडावे, रडावे, असे मला वाटत होते... त्यांनी पेन आणून दिले. "यात लिहा. पोरांना दाखवीन, त्यांनी बापाला हसून घेतलंय. कारखान्यातल्यांना तुम्हीच सांगा."

मी अप्पांच्या शेवटच्या खुणांखाली लिहिले : दिवे बरोबर होते. तारा मी तपासल्या नव्हत्या. खाली सही केली. वहिनींनी ते दोनदा वाचले आणि वही खिळ्याला अडकवली. क्षमेचा शब्द त्यांनी काढला नाही आणि मी मागितलाही नाही. कारखान्यातल्यांना सांगायचे होते, ते येथे लिहिले आहे आणि हेच आमच्या त्या गटावर टाकतो आहे.

मी बाहेर पडलो. पायऱ्या उतरत असताना मागे दार लागले आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला. मी तसाच थांबलो. थोड्या वेळाने ती कडी निघाली आणि पुन्हा एकदा घातली गेली.