अजिनाथच्या गाड्या आणि आबांचा अबोला

“त्याला म्हणावं, पंखा बारीक कर.”

“आबांना सांग, बारीकच हाय. अजून बारीक केला तर बंद पडंल.”

सत्यभामाकाकू दोघांच्या मधोमध ज्वारी निवडत बसलेल्या. सुपातून मान वर न काढता त्या म्हणाल्या, “बारीकच हाय म्हणतोय.”

“मला आयकू येतंय.”

“येतंय तर मला काहून मधी घेता? मी काय पोस्टमन हाय?”

आमच्या नाटकाच्या ग्रुपचा आवाजाचा कॉम्प्युटर दुरुस्तीला घेऊन मी पहिल्यांदा अजिनाथच्या दुकानात गेले, तेव्हा दारातच हे ऐकू आलं. वाटलं, आत तालीम चालू आहे. मग कळलं की रोजचंच आहे. बाप आणि लेक एकाच खोलीत राहत होते, एकाच पातेल्यातली भाजी खात होते आणि गेली काही वर्षं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

खोली मुकुंदवाडीत, रुळांपासून हाकेच्या अंतरावर. पुढं दुकान, मधे साडीचा पडदा, पडद्यामागं घर. पूर्वी घरात अजिनाथ एकटाच असायचा. पण त्या वर्षी पाऊस सलग दुसऱ्यांदा दगा देऊन गेला. फर्दापूरच्या बाजूला चारा तर सोडाच, पाणीही राहिलं नाही. सर्जेरावांनी, म्हणजे आबांनी, उरलीसुरली मेंढरं पैठणकडं मेहुण्याच्या हवाली केली आणि काकूंच्या हट्टापायी ते पोराच्या खोलीवर आले. शहर तेव्हा अंगानं भराभर वाढत होतं. जालना रोडवर पुलांचे खांब उभे राहत होते, बायपासच्या पलीकडं शेतांत प्लॉटचे दगड रोवले जात होते, आणि जुन्या-नव्या सगळ्या वस्त्यांत लोक घागरी मांडून टँकरची वाट बघत होते.

अबोल्याचं कारण एका वाक्याचं आहे. धनगराचं पोर मेंढरं वाटेत टाकून जात नाही, आणि अजिनाथ गेला होता. पैठणजवळ, नाथसागराच्या काठानं कळप चाललेला असताना, एका सकाळी त्यानं काठी आईच्या हातात दिली आणि एसटी पकडली. कॉम्प्युटर शिकायचा होता. घरी विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही. तेव्हापासून आबांच्या तोंडी त्याचं नाव नव्हतं, ‘तो’ होता.

हा ‘तो’ माणूस म्हणून कसा? उंच, वाकून चालणारा, दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत थांबणारा. बिघडलेल्या मशीनशी जिभेनं टक्‌टक्‌ आवाज काढत बोलायचा, अडलेल्या कोकराशी बोलावं तसं. गिऱ्हाईक घाईत असलं की हमखास म्हणायचा, “बसा की. तुमच्या घाईनं हे सुरू व्हणार हाय का?” परीक्षेचे फॉर्म भरून दे, आधारची झेरॉक्स काढून दे, मोबाइलची काच बदल, यावर दुकान चालायचं. जीव मात्र कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये. त्यात रेल्वेचा खेळ होता. खेळ म्हटलं की त्याला राग यायचा. “सिम्युलेटर म्हणा, ताई. खेळात हारजीत असती. हितं फक्त गाडी येळेवर जायला पायजे.”

दौलताबादपासून करमाडपर्यंतचा आपला एकेरी मार्ग त्यानं त्यात स्वतः रचला होता. स्टेशनं, फाटकं, बाभळी, सगळं. एक गाडी आपण चालवायची, बाकीच्या कॉम्प्युटर चालवतो. आणि सगळं दुखणं या बाकीच्यांचं होतं. त्यांना हाताशी धरून चालवता येत नाही. प्रत्येक गाडीच्या नावापुढं फक्त एक आकडा भरता येतो. शंभर भरला, तर तिचा चालक मार्गावरच्या वेगमर्यादेला भिडतो; साठ भरला, तर मर्यादेच्या साठ टक्क्यांवर समाधान मानतो. पुढचं त्याचं नशीब.

अजिनाथनं पहिल्यांदा सगळ्या गाड्यांना सारखाच आकडा दिला होता, सगळ्यात जड मालगाडीला झेपेल तेवढा. कळप चालतो तो त्यातल्या लंगड्या मेंढीच्या पायानं, हे हाडात मुरलेलं. परिणाम असा, की एक्स्प्रेस गाड्या चालत निघाल्यासारख्या आणि करमाडला सगळ्यांची रांग. त्याचा मित्र शिवशंकर एसटीच्या वर्कशॉपात फिटर. तो रोज संध्याकाळी यायचा. हे बघून तो हसता हसता स्टूलवरून खाली बसला. “अरे भाई, एक्स्प्रेस हाय का मेंढी? मागं कुत्रं पण सोड एखादं.”

पडद्याजवळ बाजेवर बसलेल्या आबांच्या मिशा हलल्या. हसले की काय, ते कळलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी काकूंना विचारलं, “त्याला इचार, हा मुलूख कुठला? एवढं हिरवं कुठं हाय?”

“आबांना सांग, चिकलठाणा हाय. गवताचा रंग आधीपासूनच तसा येतो त्यात.”

“चिकलठाण्यात चारा!” आबांनी पान थुंकायला मान बाहेर काढली. “त्याला म्हणावं, खोटं तरी पटंल असं सांग.”

असं हे नीट चाललं होतं. मग पैठणहून निरोप आला की मेंढ्या व्यायल्यात, भावजयीला एकटीला उरकत नाही. काकूंनी पिशवी भरली. दारात उभं राहून त्यांनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं.

“मी चालले. आता बोला न्हाईतर उपाशी मरा.”

दोघांपैकी कुणीही मेलं नाही, पण प्रसंग जवळ आला होता, असं अजिनाथ नंतर सांगायचा. पहिल्या दिवशी अजिनाथनं भिंतीकडं बघून “चहा झालाय” असं सांगितलं. आबांनी थोडा वेळ भिंतीचा मान ठेवला आणि कप उचलला. दुपारी आबांनी भाकरी थापल्या आणि ताट नुसतं जोरात आपटलं. अजिनाथ समजला, येऊन जेवला. मीठ नव्हतं. सांगणार कुणाला?

संध्याकाळी कोपऱ्यातला कॉम्प्युटर सुरू झाला. शिवशंकरच्या हसण्यानंतर अजिनाथनं आकडे बदलले होते, आता सगळ्यांना शंभर. पॅसेंजर पुढं, तिच्या मागं मालगाडी. मालगाडी धावायची, पॅसेंजरच्या पाठीला भिडायला जायची, करकचून थांबायची. पुन्हा धावायची, पुन्हा थांबायची. आबा बाजेवरून बघत होते. एकदा बघितलं, दोनदा बघितलं.

“आरं ए इंजनवाल्या!” दुकान दणाणलं. “म्होरच्याला का ढोसतोस? त्यो चाललाय न्हवं त्याच्या पायानं?”

अजिनाथचा हात माउसवर तसाच राहिला. आवाज आबांचा होता, पण ते बोलत होते पडद्यावरच्या मालगाडीच्या चालकाशी. त्यानं मागं वळून बघितलं नाही. गुपचूप मालगाडीचा आकडा खाली आणला आणि गाड्या पुन्हा सोडल्या. या वेळी मालगाडी अंतर राखून, डुलत डुलत आली.

“हां,” आबा म्हणाले. “आता कसा शाना झाला.”

दुसऱ्या दिवशी शिवशंकर आला तर मालगाडी पुन्हा ढोसत होती.

“अबे, काल मस्त चालली होती म्हणालास फोनवर. परत काहून बिघडवली?”

“हळू बोल,” अजिनाथ कुजबुजला. “आबाला शिव्या देऊ दे.”

मग दोन-तीन संध्याकाळी त्या दुकानात मोठी मजा चालली. अजिनाथ एखादी गाडी मुद्दाम उधळायचा, आबा तिच्या चालकाची आईबहीण काढायचे, अजिनाथ आकडा बदलायचा, चालक सुधारायचा आणि आबा त्याला शाबासकी द्यायचे. झेरॉक्सला आलेले लोक उभे राहून बघायचे. फक्त एक अडचण होती. आबांच्या सगळ्याच सूचना रुळावर बसणाऱ्या नव्हत्या.

“त्याला बाजूनं काढ की! वावर मोकळं पडलंय!”

एक्स्प्रेस बाजूनं निघेना.

“बहिरा हाय का ह्यो? आरं शिवशंकर, बाजूनं काहून जात न्हाई त्यो?”

अजिनाथ मित्राला म्हणाला, “आबांना सांग, रूळ एकच हाय. स्टेशन आल्याबिगर बाजू मिळत न्हाई.”

शिवशंकरनं दोघांकडं बघितलं, डबा उचलला. “मी सत्यभामाकाकू न्हाई. माझी साडी धुवायला गेलीय. तुमचं तुम्ही बघा.” आणि गेला.

त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, हे सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं होतं. ती गाडी आपल्या मार्गावरून गेली नव्हती, पण अजिनाथला राहवलं नाही. त्यानं टाक्यांच्या डब्यांची एक लांब गाडी जुळवली आणि दौलताबादकडून सोडली. समोरून नांदेडची पॅसेंजर येणार होती. पाण्याची गाडी चिकलठाण्याला बाजूच्या रुळावर घ्यायची, पॅसेंजर निघून जाऊ द्यायची, असं बेतलेलं. शिवशंकर आज आला नव्हता. दुकानात दोघंच.

“पाणी हाय का त्यात?” आबांनी विचारलं. कुणाला, ते ठरलेलं नव्हतं.

“पाणी,” अजिनाथ कॉम्प्युटरला म्हणाला.

आबा बाजेवरून उठून स्टूलवर आले. टाक्यांची रांग दौलताबादच्या वळणावरून उतरू लागली.

“हळू, लेकरा. हळू घे. हिंदकळंल. सांडलं तर परत कुणी देणार न्हाई.”

टाक्यांची तोंडं बंद असतात, आणि हे पाणी तर पाणीसुद्धा नव्हतं. पण सकाळी नळकोंडाळ्यावर लोक कळशीची धार कशी जपतात, ते अजिनाथनं बघितलं होतं. त्यानं गाडी थांबवली, तिचा आकडा खाली आणला आणि पुन्हा सोडली.

“अजून हळू.”

अजून खाली आणला. गाडी अशी निघाली, की रुळावर कुणी भरली घागर डोक्यावर घेऊन चाललंय. आबा खूश. औरंगाबाद स्टेशन गेलं, मुकुंदवाडी गेलं. आणि पुढच्या मोकळ्या रुळावर समोरून दिवा आला.

पॅसेंजर वेळेवर होती. पाण्याची गाडी नव्हती. खरा मार्ग असता तर सिग्नलनं एकीला अडवलंच असतं. पण अजिनाथनं हातानं रचलेल्या मार्गात त्या बाजूचा सिग्नल बसवायचा राहून गेला होता. दोन्ही चालकांनी एकमेकांना बघितलं, ब्रेक लावले, आणि दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या.

हलेनात.

“आता?” आबा म्हणाले.

ते पडद्यावर बोट ठेवून वाकले.

“आरं इंजनवाल्या, आता?”

बाहेर टँकर आल्याची हाळी उठली, बायकांची धावपळ सुरू झाली. आबा दाराकडं बघून आले, शिवशंकर येतो का म्हणून. कुणी येत नव्हतं. पॅसेंजर तिथंच, पाणी तिथंच.

“अजिनाथ,” आबा म्हणाले. “आता काय करायचं रं?”

अजिनाथनं बापाच्या तोंडून आपलं नाव इतक्या वर्षांनी ऐकलं, की त्याला वाटलं, गिऱ्हाईकच आलंय.

“एकाला मागं यावं लागंल, आबा.”

“कुणाला?”

“तुमी सांगा.”

आबांनी स्टूल पुढं ओढलं. “पॅसिंजरात माणसं हायत. लांबून आल्यात, पोरंसोरं असतील. पाण्याचंच चुकलं. मीच हळू म्हणालो. तिला घे मागं.”

“मी कबूल करायला नको होतं. तुमी म्हणालात म्हणून…”

“व्हय, म्हणालो. घे मागं.”

अजिनाथनं चालकाला उतरवलं आणि स्वतः चालवायची ती एक गाडी म्हणून हीच हातात घेतली. टाक्यांची रांग उलटी सरकू लागली. आबांचा हात नकळत त्याच्या खांद्यावर आला होता. वळण आलं की खांदा दाबला जायचा. अजिनाथ तेवढा वेग कमी करायचा.

मुकुंदवाडी उलटं गेलं. मधेच आबा म्हणाले, “पैठणला मी थांबलो होतो.”

“कवा?”

“तू गेलास तवा. चारा न्हवता त्या काठाला, मेंढरं वरडायली होती. तरी थांबलो. म्हणलं, पोरगं परत यील एसटीनं.”

“मला कुणी सांगितलं न्हाई.”

“तुझ्या मायला मीच म्हणालो, सांगू नगो.”

“अन् मी आलो असतो तर?”

“दोन कानाखाली दिल्या असत्या.”

“मंग बरं झालं न आलो.”

आबा हसले. आता मिशांचा संशय नव्हता, दात दिसले. पाण्याची गाडी औरंगाबाद स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर शिरली. पॅसेंजरला वाट मिळाली आणि ती शिट्टी देत, शंभराच्या शंभर वेगानं निघून गेली.

“पळतीय बग कशी. हिचा आकडा किती?”

अजिनाथनं दाखवला. आबांना कीबोर्ड कसा दाबायचा, तेही दाखवलं. पुढचा अर्धा तास दोघं वाद घालत होते. पाण्याच्या गाडीला पन्नास द्यायचे की पंचावन्न? आबा पन्नासच्या वर यायला तयार नव्हते.

तेवढ्यात फोन वाजला. पैठणहून सत्यभामाकाकू. फोन आबांजवळ होता, त्यांनीच उचलला.

“जेवलात का? अन् पोराला म्हणावं, तुमच्या बीपीच्या गोळ्या…”

“काय त्ये मला सांग,” आबा म्हणाले, डोळे पडद्यावरच. “मी सांगतो त्याला.”



“अवं, कोण बोलतंय?” काकूंनी विचारलं.